सफरचंदाची टिकली

मराठी विभागासाठी लेख दे असं संपादक मंडळाने सांगितलं, तोपर्यंत 'मैत्री', 'पहिला पाऊस' आणि 'होस्टेलचे मंतरलेले दिवस' हे तिन्ही विषय गेलेले होते. (दरवर्षी हेच तीन आधी जातात!) मग मी म्हटलं, मी फळांवरच्या स्टिकरवर लिहिते. संपादक हसले. तुम्हीही हसला असाल तर हसून घ्या, पण पुढे वाचा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं असेल तर मराठी विभागाच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं. मुद्दा मात्र इकडेतिकडे होणार नाही.

उपवासाच्या दिवशी आपल्या मेसमध्ये खिचडीबरोबर फळं मिळतात. केळ्याचा प्रश्न नाही, ते आपलं बिचारं साधं असतं. प्रश्न सफरचंदाचा. प्रत्येक सफरचंदावर एक चकचकीत गोल कागद. त्यावर कधी परदेशी कंपनीचं नाव, कधी चार आकडे, तर कधी 'टेस्टेड ओके', 'बेस्ट क्वालिटी', 'प्रीमियम' असला मजकूर. मेसच्या मावशी त्याला टिकली म्हणतात. "बाई, ह्या टिकल्या लावतंय कोण गं? लावणाऱ्याला काढायला बसवा एकदा," असं त्या मला म्हणाल्या आणि खरं सांगायचं तर माझा अख्खा लेख त्या एका वाक्यात आलेला आहे. बाकीचं आता मी फक्त इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगणार आहे.

आधी साधा हिशेब करू. एका सफरचंदाची टिकली नखाने काढून, उरलेला चिकटा पुसायला पंधरा सेकंद धरा. हट्टी निघाली तर जास्त, पण पंधराच धरू. दोनशे सफरचंदं असतील तर तीन हजार सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटं म्हणजे आपलं एक अख्खं लेक्चर! तेवढा वेळ कोणीतरी स्वयंपाकघरात उभं राहून फक्त नखाने टिकल्या खरवडायच्या. तेवढा वेळ नसतो म्हणून मग मावशी सुरीने रुपयाएवढी चकती टिकलीसकट उडवतात, आणि आपण ताटात बघून म्हणतो, "सफरचंद किडकं होतं वाटतं."

आता ही टिकली येते कुठून ते बघू. वर जे चार आकडे म्हटले त्याला पीएलयू कोड म्हणतात. 'प्राइस लुक-अप', म्हणजे भाव शोधायचा नंबर. 1990 पासून हे नंबर वापरात आहेत आणि आज ते ठरवण्याचं काम इंटरनॅशनल फेडरेशन फॉर प्रोड्यूस स्टँडर्ड्स ही संस्था करते. परदेशातल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक सुटी फळं उचलून काउंटरवर आणतं. काउंटरवरच्या माणसाला फुजी कुठलं आणि गाला कुठलं हे कसं कळणार? म्हणून फळावरच नंबर. पिवळं केळं म्हणजे 4011. सेंद्रिय पद्धतीने पिकवलेलं असेल तर मागे नऊ लागतो, म्हणजे 94011. संपला विषय. हा नंबर कुठल्या सरकारने सक्तीचा केलेला नाही, ती व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे. व्हॉट्सअॅपवर दर दोन महिन्यांनी एक मेसेज फिरतो की आठने सुरू होणारा नंबर म्हणजे जनुकीय बदल केलेलं फळ, खाऊ नका, सगळ्या ग्रुपवर पाठवा. आठचा आकडा त्यासाठी राखून ठेवला होता हे खरं, पण दुकानात तो कधी वापरात आलाच नाही. त्यामुळे काकांनी पाठवलेला तो मेसेज पुढे पाठवायची गरज नाही.

म्हणजे बघा, सुपरमार्केटच्या काउंटरवर ह्या नंबराला अर्थ आहे. आपल्याकडे? कॉलेजच्या गेटबाहेर जे फळवाले काका आहेत त्यांना चार आकडे बघून भाव सांगायची गरज पडलीये का कधी? ते आपला चेहरा बघून भाव सांगतात. आपल्या मेसला फळ पेटीने येतं आणि पेटीवर माल कुठला, प्रत कुठली, नग किती हे छापलेलं असतं. मग आतल्या प्रत्येक फळाला पुन्हा वेगळी टिकली कशाला? 'टेस्टेड ओके' तर त्याहून भारी. कोणी टेस्ट केलं, कधी केलं, काय टेस्ट केलं? आपण लॅबच्या जर्नलमध्ये रीडिंग न लिहिता 'टेस्टेड ओके' एवढंच लिहिलं तर सर जर्नल खिडकीतून फेकतील!

हे मी एकटीच म्हणत नाही. आपल्या देशातल्या अन्नपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएसएसएआय ह्या सरकारी संस्थेने 2018 साली ह्याच विषयावर मार्गदर्शक टिपण काढलं होतं. बाहेरच्या देशांत स्टिकरवर फळाची प्रत, किंमत, ते कुठून आलं अशी माहिती असते, आपल्याकडे मात्र व्यापारी माल भारी दिसावा म्हणून, आणि कधीकधी डाग किंवा सडका भाग झाकायला स्टिकर लावतात, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. फळावर थेट स्टिकर लावणं टाळा, हा सल्लाही आहे. 2018 नंतर किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा आणि आज संध्याकाळी गेटबाहेरच्या गाडीवर जाऊन बघून या.

बरं, एवढ्याशा कागदाने काय होतंय, असं विचारणारे असतील. त्यांच्यासाठी मुलांच्या होस्टेलमधली गोष्ट. मागच्या सेमिस्टरला एका मुलाला डेंग्यू झाला. मित्रांनी प्रेमाने सफरचंदं आणली. टिकल्या निघेनात, चिकटा राहिला. तेव्हा एका भावी मेकॅनिकल इंजिनीअरने वर्कशॉपमधून आणलेल्या थिनरचा बोळा फिरवला, आणि सफरचंद कसं एकदम लख्ख झालं! पेशंटला वास आला म्हणून त्याने खाल्लं नाही, नाहीतर डेंग्यूतून उठलेला मुलगा थिनर लावलेलं सफरचंद खाऊन पुन्हा आडवा झाला असता. आमच्या लेडीज होस्टेलने हसायचं कारण नाही. आमच्याकडे थिनर नाही, नेलपॉलिश रिमूव्हर आहे. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे पीसीबी पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. प्रत्येक ब्रँचचं आपलं आपलं विष!

हे सगळे द्राव टिकलीचा गोंद विरघळवतात हे शंभर टक्के खरं. पण सफरचंदाच्या सालीवर मेणाचा थर असतो. एक त्याचं स्वतःचं मेण आणि वर पुष्कळदा पॅकिंगच्या वेळी दिलेला कार्नोबा मेणाचा किंवा लाखेचा हात. जे गोंद विरघळवतं ते मेणातही शिरतं आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतूनही. वर्कशॉपचं थिनर म्हणजे टोल्युइनसारख्या द्रावांचं मिश्रण, रिमूव्हर म्हणजे अॅसिटोन किंवा तसलंच काही, वर रंग आणि सेंट. ह्यातलं काहीही खाण्यासाठी बनवलेलं नाही. भांड्याच्या साबणाचंही तेच. अमेरिकेची एफडीए फळं साबणाने किंवा डिटर्जंटने धुऊ नका असंच सांगते, कारण ते फळात मुरू शकतं. वाहत्या साध्या पाण्याखाली चोळून धुवा, बस.

मग टिकली काढायची कशी? इथे जरा थांबून नीट बघू, कारण चार वर्षं आपण जे शिकतो ते इथे खरोखर उपयोगाला येतं आणि अशी संधी रोज येत नाही.

फळावरचा गोंद हा फेव्हिकॉलसारखा वाळून घट्ट होणारा नाही. तो दाबाने चिकटणारा गोंद आहे, तो कधी वाळतच नाही. तो थोडा द्रव आणि थोडा रबर असा दुहेरी वागतो. गुळाच्या पाकाचं उदाहरण घ्या. गरम असताना तो वाहतो, कोमट झाला की तार धरतो, गार झाला की चिक्कीसारखा कटकन मोडतो. टिकलीचा गोंद आपल्या खोलीच्या तापमानाला त्या मधल्या, तार धरणाऱ्या अवस्थेत असतो. द्रवासारखा असल्यामुळे तो सालीच्या खाचाखोचांत हळूहळू पसरतो, आणि रबरासारखा असल्यामुळे ओढलं की प्रतिकार करतो. जेवढे दिवस टिकली फळावर बसून राहील तेवढा तो अधिक पसरणार. त्यात गाडीवरचं ऊन लागलं तर आणखी आत जाणार. म्हणून ताज्या पेटीतल्या सफरचंदाची टिकली सहज निघते आणि गाडीवर चार दिवस उन्हात बसलेल्याची निघत नाही.

आता ओढण्याची गंमत. ह्या गोंदाला वेगाने ओढलंत तर त्याला वाहायला वेळच मिळत नाही, तो रबरासारखा ताठरतो आणि जास्त जोर लागतो. हळू ओढलंत तर तो वाहतो आणि सोडतो. गरम करण्याचा परिणामही हळू ओढण्यासारखाच होतो. पॉलिमरच्या अभ्यासात वेळ आणि तापमान ही अशी एकमेकांच्या जागी चालतात. म्हणजे आपण जे चिडून खस्सकन ओढतो ते शास्त्राच्या दृष्टीने अगदी उलटं आहे. फ्रिजमधून काढल्याकाढल्या ओढणं, तेही उलटंच.

दुसरी गोष्ट कोनाची. पट्टी सोलताना लागणाऱ्या बलाचं एक साधं सूत्र आहे, रिव्हलिन यांनी 1944 मध्ये मांडलेलं. बल म्हणजे चिकटण्याची ऊर्जा गुणिले पट्टीची रुंदी, भागिले (1 वजा कोसाइन थीटा). थीटा म्हणजे पट्टी आणि पृष्ठभाग यांमधला सोलण्याचा कोन. नव्वद अंशात ओढलं तर छेद 1. पट्टी पूर्ण उलटी दुमडून 180 अंशात ओढली तर छेद 2, म्हणजे बल निम्मं. आणि सालीला जवळजवळ समांतर, समजा 30 अंशात ओढलं, तर छेद सुमारे 0.134, म्हणजे नव्वद अंशाच्या साडेसात पट जोर! प्रत्यक्षातला गोंद सूत्राइतका शहाण्यासारखा वागत नाही, पण दिशा हीच. आपण नखाने टिकली कडेला सरकवत खरवडतो तेव्हा नेमका हाच सगळ्यात महागाचा कोन निवडतो. मग टिकली फाटते, अर्धी राहते, आणि आपण सफरचंदाला नावं ठेवतो.

थोडक्यात कृती अशी. सफरचंद टिकलीच्या बाजूने अर्धा मिनिट कोमट पाण्याच्या मगात धरा. उकळतं पाणी नको, त्याने वरचं मेण पांढरं पडतं. पाणी नसेल तर तळव्यात घट्ट धरून ठेवा, हाताची ऊबही पुष्कळ असते. मग नखाने एक कड उचला. काही टिकल्यांना गोंद नसलेलं छोटंसं शेपूट असतं, ते बघा. कड उचलली की टिकली पूर्ण मागे दुमडा आणि सालीच्या अंगाअंगाने हळू, अगदी हळू मागे न्या. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सोलण्याच्या रेषेजवळची साल दाबून धरा. टोमॅटो किंवा नासपतीची साल नाजूक, तिथे हा अंगठा फार महत्त्वाचा, नाहीतर टिकलीबरोबर सालही येते. किवीला मात्र काही करायला लागत नाही, त्याच्या अंगावरच्या लवेमुळे गोंदाला धड टेकायलाच मिळत नाही.

राहिला चिकटा. त्याला तेल. दोन थेंब, बोटाने गोल गोल, दोन मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि मग पाण्याने धुवा. तेल आधी, टिकली नंतर असं करू नका, कारण बहुतेक टिकल्या आता कागदाच्या नसून पातळ प्लॅस्टिकच्या असतात. वरून तेल ओतून ते खाली पोचत नाही. तेल कुठलं, तर मेसमधलं खायचं कुठलंही. मेस बंद असेल तर कपाटातली खोबरेल तेलाची बाटली आहेच, फक्त ती शुद्ध खोबरेल तेलाची आणि खाद्यतेल म्हणून विकलेली असावी, आवळा-बदाम-सेंटवाली नको. (छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल हे खायचं की डोक्याला लावायचं, ह्यावर करखात्याची आणि कंपन्यांची बरीच वर्षं कोर्टबाजी चालली होती. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खाद्यतेल म्हणून धरता येईल असा निकाल दिला. आपल्या होस्टेलला हा निकाल असा उपयोगी पडेल असं न्यायमूर्तींना वाटलं नसेल.)

आणि हे तेलाचं काही मी शोधलेलं नाही. माझी आजी संगमेश्वरकडची. ती फणस फोडायला बसली की आधी हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोळते. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो. तिने पॉलिमरचं पुस्तक उघडलेलं नाही, पण चिकट आणि तेलकट हे एका जातीचं आणि पाणी दुसऱ्या जातीचं हे तिला पक्कं माहीत आहे. आम्ही थर्ड इयरला येऊन थिनर शोधत फिरतो. असो.

ही झाली काढण्याची पद्धत. पण मी कृती सांगायला लेख लिहायला घेतला नव्हता. दोनशे सफरचंदांना कोमट पाणी, अंगठा आणि तेल करत बसायला सांगितलं तर मावशी मला मेसमध्ये पाय ठेवू देणार नाहीत. माझा मुद्दा असा आहे की टिकली एवढी हट्टी असायचं मुळात कारणच नाही.

आता खऱ्या टिकलीकडे बघा. कपाळावरची. तीही दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचीच. आमच्या होस्टेलच्या प्रत्येक आरशावर दहा-पंधरा टिकल्या चिकटलेल्या असतात, रात्री काढायची, आरशावर ठेवायची, सकाळी पुन्हा लावायची. दिवसभर घामात टिकते, उठताना कपाळाची साल काढत नाही. (तो गोंदही अगदी निर्दोष नाही हं. त्यातल्या एका रसायनामुळे काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो हे त्वचेच्या डॉक्टरांना ठाऊक आहे.) म्हणजे हवं तेव्हा निघेल असा गोंद करता येतो, आणि तोही इतक्या स्वस्तात की पाकीट पाच-दहा रुपयांना मिळतं. 1968 मध्ये थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना असाच एक धड न चिकटणारा गोंद मिळाला. त्याचं काय करायचं हे बरीच वर्षं कोणाला कळेना, आणि 1980 मध्ये त्याचेच पिवळे पोस्ट-इट बाजारात आले, ज्यांवर आपण परीक्षेच्या आदल्या रात्री सूत्रं लिहितो. टिकली निघावी म्हणून बनवली, कारण ती विकत घेणारी बाईच ती काढणार असते. फळावरची टिकली वितरणात पडू नये एवढ्यासाठी बनवली, कारण ती विकत घेणारा पॅकिंगवाला असतो आणि काढणाऱ्या मावशीला कोणी विचारलेलं नसतं. गोंदात काही दोष नाही. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याने काढणाऱ्याचं नावच लिहिलेलं नाही.

सगळ्या टिकल्यांना मी नावं ठेवत नाही. 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने आपल्या हापूसवर वेगवेगळा क्रमांक असलेले स्टिकर आणले, एकदा काढले की पुन्हा दुसऱ्या आंब्यावर लावता येऊ नयेत असे. का, तर बाहेरचा आंबा देवगड म्हणून विकला जातो. तिथे स्टिकर हट्टी असण्याला कारण आहे, आणि त्यावरची माहिती खाणाऱ्याच्या उपयोगाची आहे. ज्याने देवगडच्या नावाने दुसराच आंबा डझनाच्या भावात घेतलाय त्याला हे पटेल. तरीही आंबा चोखून खाणाऱ्यांनी आधी तो काढावा, गोंद देवगडचा असला तरी गोंदच.

बाहेर लोकांनी दुसरे मार्गही शोधलेत. फ्रान्सने 1 जानेवारी 2022 पासून फळांवर थेट स्टिकर लावायला बंदी घातली, घरच्या खतात कुजणारा असेल तरच चालेल. लेसरचा मार्ग तर आपल्याला आवडेल असाच आहे. सालीचा अगदी वरचा रंगाचा थर लेसरने उडवून त्यावरच नंबर लिहायचा, गोंद नाही, कागद नाही. अमेरिकेत 2012 मध्ये संत्रा-मोसंबीच्या वर्गातल्या फळांसाठी त्याला परवानगी मिळाली आणि युरोपात 2013 मध्ये ती खूण उठून दिसावी म्हणून लोहाचे ऑक्साइड वापरायला मुभा मिळाली. मशीन महाग आहे आणि सगळ्या फळांवर जमत नाही, मान्य. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच ऑटोमॅटिक पाण्याच्या टाकीचं मॉडेल करणाऱ्यांनी जरा इकडेही बघायला हरकत नाही.

फ्रान्सच्या कायद्यात खताचा उल्लेख आहे तो उगाच नाही. आपल्या मेसचा ओला कचरा मागच्या बाजूच्या बायोगॅसच्या टाकीत जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राने काढलेल्या 'निसर्गऋण' पद्धतीची चर्चा आपण पर्यावरणाच्या पेपरात पाठ करतो. त्या टाकीतले जिवाणू साल खातील, देठ खातील, प्लॅस्टिकची टिकली खाणार नाहीत. मोठी पिशवी हाताने वेचता येते, नखाएवढी टिकली सालीला चिकटून थेट आत जाते आणि दुसऱ्या बाजूने खताबरोबर जशीच्या तशी बाहेर येते. बागेचे माळीकाका दाखवतील, गुलाबाच्या आळ्यात 'प्रीमियम क्वालिटी' दिसतं मधूनमधून.

ह्यावर मेस कमिटीतल्या एका मित्राने मला विचारलं, की बाजारात फळच टिकली लावून येतं त्याला आपण काय करणार? प्रश्न बरोबर आहे. पण आपण एक सफरचंद घेत नाही, पेट्या घेतो. पेट्या घेणाऱ्याला अटी घालता येतात. ठेकेदाराशी करार होतो तेव्हा त्यात तांदूळ कुठला, तेल कुठलं, दूध किती हे लिहितो. त्यात एक ओळ वाढवायची: फळं टिकली न लावलेली, किंवा टिकली काढून द्यावीत. हिमाचलचं, काश्मीरचं सफरचंद पेटीत टिकलीशिवायही मिळतं. टिकली बहुतेक वेळा बागेत लागत नाही, मधे कुठेतरी, माल भारी दिसावा म्हणून लागते. जिथे लागते तिथे ती न लावण्याचे पैसे पडत नाहीत, उलट वाचतात. आणि टिकलीवालंच फळ आलं तर ते उघडून बघायचा हक्क आपला, खाली डाग निघाला तर परत द्यायचा हक्कही आपला. 'प्रीमियम' लिहिलंय म्हणून जादा भाव द्यायचा प्रश्नच नाही.

एक सूचना स्टाफसाठीही, सरांनी आणि मॅडमनी राग मानू नये. गॅदरिंगला पाहुण्यांच्या टेबलावर जी फळांची परडी असते, तिच्यातल्या सफरचंदांच्या टिकल्या मुद्दाम समोर करून ठेवलेल्या असतात, म्हणजे इम्पोर्टेड दिसावं. पाहुण्यांना त्यातलं एकही खाताना मी अजून पाहिलेलं नाही. टिकली दिसण्यासाठीच आणलेलं फळ असेल तर प्लॅस्टिकचं आणलं तरी चालेल, पुढच्या वर्षीही वापरता येईल.

करारात वाढवायच्या ओळीचा अर्ज मी लिहिलाय, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. मेसच्या नव्या टेंडरचं काम परीक्षेनंतर सुरू होतं, त्याआधी कमिटीकडे जायला हवा. मुलींच्या सह्या झाल्या, पहिली सही मावशींची आहे. मुलांसाठी कागद मेसच्या दारापाशी, सूचनापेटीच्या बाजूला लावलाय. खाली पेन दोरीला बांधलंय, कृपया सही करून पेन तिथेच ठेवावं.

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल